पडण्यासाठी उभी

लाँड्रीच्या काउंटरवर लोक कपडे ठेवायचे आणि कपड्यांबरोबर शाळाही ठेवून जायचे.

"ही पँट. गुडघ्यावर शाई सांडलीय. आणि ताई, तिसरीच्या वर्गातला पंखा अजून बंदच आहे हं."

"हा कोट शुक्रवारी पाहिजे. आणि त्या गणिताच्या बाईंचं काहीतरी बघा, फार गृहपाठ देतात."

"माझ्या मुलीच्या बाई गृहपाठच देत नाहीत, तेवढं बघा."

ती कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, पावती फाडायची आणि "बघते" म्हणायची. शाळा मंडळावरची तिची दुसरी मुदत संपत आली होती. एवढ्या वर्षांत 'बघते' तिच्या जिभेवर असं बसलं होतं की नवऱ्याने घरात "चहा टाकतेस का?" विचारलं तरी तोंडातून तेच निघायचं.

पंखे, गृहपाठ हे चालायचंच. तिचा जीव अडकला होता तो फाटकात. शाळेचं पुढचं फाटक थेट मोठ्या रस्त्यावर उघडायचं. सकाळी एकीकडून ट्रक, दुसरीकडून बस, आणि मधोमध पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं. मागे मात्र शांत गल्ली होती आणि त्या गल्लीत दुसरं फाटक होतं. बांधायचं नव्हतं, तिथे होतंच. लोखंडी, रंग उडालेलं, कुलूप घातलेलं. किल्ली शिपायाच्या खोलीत खिळ्याला लटकत होती. खिळ्यावरची किल्ली काढायची आणि कुलपात फिरवायची, एवढंच काम. दोन वर्षं ते मंडळासमोर भिजत पडलं होतं.

मंडळ बुधवारी संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात बसायचं. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. माणूस सज्जन, पण समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत राहायची धंद्याची सवय त्यांना बैठकीतही सुटत नव्हती.

"मागच्या फाटकाचा विषय आपण तत्त्वतः मंजूर केलेलाच आहे," ते म्हणायचे.

"तीनदा केलाय," ती म्हणायची. "उघडायचं कधी?"

"त्यासाठी उपसमिती नेमलीय."

"उपसमितीत कोण आहे?"

अध्यक्ष कागद चाळायचे. उपसमितीत ते स्वतः होते, ती होती, आणि गाव सोडून गेलेले एक गृहस्थ होते. मग कोणीतरी विचारायचं, मागच्या फाटकावर लक्ष कोण ठेवणार? कोणी म्हणायचं, उद्या काही चोरीला गेलं तर जबाबदारी कोणाची? आणि मग सभागृहाच्या पडद्यांचा विषय निघायचा. पडदे निळे घ्यायचे की मरून, यावर एका बुधवारी सव्वादोन तास चर्चा झाली. कपड्यांचा धंदा म्हणून तिचं मत विचारलं गेलं. "डाग दिसणार नाही असा रंग घ्या आणि फाटकाकडे वळा," ती म्हणाली. वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा इतिवृत्तात लिहिला गेला.

यावर कळस म्हणजे हरकतराव. वाचनालयाच्या एका कडेला नागरिकांसाठी बाक टाकलेला असे. त्यावर दर बुधवारी एकच नागरिक बसे. हे गाडी शिकवायचे, स्वतःचं छोटं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि नात याच शाळेत होती. खरं नाव मागे पडलं होतं, कारण प्रत्येक विषयाला ते हात वर करून म्हणायचे, "माझी हरकत आहे." इतिवृत्ताचा नमुना चुकीचा, हरकत. मतदान हात वर करून घेतलं, हरकत. हात वर न करता घेतलं, तरी हरकत. मागचं फाटक उघडावं असं त्यांचंही मत होतं, पण ज्या पद्धतीने विषय मांडला गेला त्या पद्धतीला त्यांची हरकत होती. डोक्यावर मिऱ्या वाटणं कशाला म्हणतात ते तिला त्या बाकाकडे बघून कळलं.

या सगळ्यात बुधवारी दुकानात नवरा एकटा पडायचा. पुढे काउंटर, मागे इस्त्री. गिऱ्हाईक आलं की हातातली वाफेची इस्त्री बाजूला ठेवून धावत पुढे यायचं, पावती शोधायची, परत मागे. रात्री जेवायला बसताना तो कमरेवर हात ठेवून बसायचा. बोलायचा काही नाही. निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी मात्र बोलला.

"दोन मुदती तुझ्या शाळेला मी माझे बुधवार दिले. आता मला माझे परत दे."

त्याचं खरंच होतं. तिने शब्द दिला. तेही मनापासून, कारण ती कंटाळून गेली होती.

पण तिच्या विभागातून दुसरं कोणी उभंच राहीना. जागा रिकामी राहिली असती तर अध्यक्षांनी आपल्या मर्जीतला कोणीतरी घेतला असता, आणि फाटकाचं नावही परत निघालं नसतं. म्हणून ती स्वतःच माणूस शोधायला निघाली. शाळेतल्या जेवणाबद्दल दर आठवड्याला तक्रार करणाऱ्या एका आईला तिने विचारलं. "छे हो, मला कुठला वेळ," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही इतकं छान करता!" छान करत असते तर दर आठवड्याला का आला असतात, हे तिने ओठांवरून परत गिळलं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांकडे गेली. "आता मी कोणाच्या अध्यातमध्यात नसतो," असं म्हणून त्यांनी शाळा कशी चालवावी यावर चहा गार होईपर्यंत ऐकवलं.

शेवटी तिच्या लक्षात आलं, बैठकीला न चुकता येणारा माणूस अख्ख्या गावात एकच आहे.

हरकतराव तिला रस्त्यातच सापडले. शिकवणी चालू होती. स्टिअरिंगवर एक मध्यमवयीन बाई घाम पुसत बसल्या होत्या. "बोलायचं असेल तर मागे बसा," हरकतराव म्हणाले, "गाडी बंद करता येणार नाही. बंद झाली की यांना परत सुरू करता येत नाही."

ती मागे बसली.

"सर, तुम्ही निवडणुकीला उभे राहा."

"मी? क्लच, क्लच! पाय हळू सोडा. मी आत बसलो तर हरकत कोण घेणार?"

"आतून घ्या. आतल्याची हरकत लिहून घ्यावी लागते. बाकावरच्या माणसाचं मंडळ नुसतं ऐकतं."

हे त्यांना पटलं असावं, कारण बराच वेळ ते फक्त "उजवीकडे बघा, आरशात बघा" एवढंच बोलले. गाडी शाळेसमोर आली. शाळा सुटत होती. दोन मुलं बसच्या पुढून धावत आली, स्टिअरिंगवरच्या बाईंनी डोळे मिटले आणि हरकतरावांनी आपल्या बाजूचा ब्रेक कचकन दाबला. गाडी बंद पडली. मुलं हसत निघून गेली. गाडीत मात्र कोणी हसलं नाही.

"माझे सगळे शिकाऊ इथेच गाडी बंद पाडतात," हरकतराव हळू आवाजात म्हणाले. "आणि इथे गाडी बंद पडली की मला बरंच वाटतं." मग ते मागे वळले. "उभा राहतो. पण बिनविरोध नाही."

"म्हणजे?"

"जन्मभर विरोध केला, आणि आता बिनविरोध निवडून येऊ? लोक काय म्हणतील? समोर कोणीतरी पाहिजे."

"दुसरं कोणी तयार असतं तर मी तुमच्या गाडीत कशाला बसले असते?"

"मग तुम्हीच उभ्या राहा."

"अहो, मी सोडतेय म्हणून तर आले!"

"मग पडा," हरकतराव म्हणाले. "पडायला काय कष्ट लागतात?"

स्टिअरिंगवरच्या बाईंनी आरशातून मागे बघितलं. त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं म्हणणं एकच आहे, नाही का?" "तुम्ही गाडी सुरू करा," दोघं एकदम म्हणाले.

अशा रीतीने ती पडण्यासाठी उभी राहिली. नवऱ्याला समजावताना तिची पुरेवाट झाली. "नावापुरतीच उभी राहतेय," ती म्हणाली. त्याने इस्त्रीची वाफ सोडली. जे बोलायचं ते त्याच्या वतीने वाफच बोलली.

तिने एकही फलक लावला नाही, कोणाच्या दारी गेली नाही. उलट काउंटरवर येईल त्याला सांगायची, "यंदा मत सरांना द्या. मला नको, त्यांना." गिऱ्हाईकं कौतुकाने मान हलवायची. "बघा, स्वतःसाठी मागतसुद्धा नाही. अशी माणसं राहिली कुठे?" तिने डोक्यावर हात मारून घेतला तर त्यालाही लोक विनय म्हणाले.

हरकतरावांनी मात्र जोरात प्रचार केला, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. त्यांनी चार पानी पत्रक काढलं. पहिल्या पानावर मतदानाच्या सूचनेतल्या शुद्धलेखनाच्या चुका होत्या. पालकांच्या सभेत ते म्हणाले, "फाटकाशी गर्दी ट्रकांमुळे होत नाही, तुमच्यामुळे होते. तुम्ही रस्त्यात दोन-दोन रांगा करून गाड्या उभ्या करता." शब्द न् शब्द खरा होता. सभेनंतर तिने त्यांना गाठलं.

"सर, निवडून येईपर्यंत तरी खरं बोलू नका."

"याला माझी हरकत आहे," ते म्हणाले.

तरी तिला आशा होती. मतमोजणीच्या आदल्या दिवशी हरकतराव दुकानात आले आणि एक काळा कोट काउंटरवर ठेवला. लग्नकार्याला घालायचा असावा, बाहीच्या आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. "पहिल्या बैठकीला घालायचाय," ते म्हणाले आणि जरासे लाजले. तिने तो कोट नवऱ्याकडे न देता स्वतः ड्रायक्लीन केला आणि स्वतः इस्त्री केली.

मतमोजणी सभागृहात झाली. पडदे शेवटी राखाडी आले होते, कोणालाच नको होता तो रंग. मुख्य लिपिकाने आकडे वाचले आणि ती बत्तीस मतांनी निवडून आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या होत्या सासूबाईंच्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, ठेवणीतली शाल पांघरून. ठेवणीतली शाल! तिच्या मनात पाल चुकचुकली.

"आई, तुम्ही काय केलंत?" घरी येताना तिने विचारलं.

"मी कुठे काय केलं? चार फोन केले."

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात काढली होती. गावातल्या निम्म्या लोकांना त्या चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखायच्या. त्यांचे चार फोन म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मी पडणार होते, आई! मला पडायचं होतं!"

"पडायचं काय त्यात?" सासूबाई फणकारल्या. "आमच्या घरातलं कोणी पडलेलं नाही. आणि शाळेच्या कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत बसवतात ते कोणामुळे? उद्या त्या गाडीवाल्याची बायको बसली असती तिथे."

ती दुकानात शिरली ती धुमसतच. नवरा मागे शर्टाला इस्त्री करत होता. त्याच्याकडे बघायचीही तिला लाज वाटत होती. हँगरवरचे धुतलेले कपडे उगाच इकडचे तिकडे करत ती म्हणाली, "आईंनी घोटाळा केला. गावभर फोन केले. मी स्वतः सरांना मत दिलं हो, देवाशपथ. आपली तरी दोन मतं त्यांनाच पडली ना?"

इस्त्री थांबली.

"एक," नवरा म्हणाला.

"काय?"

"त्यांना एकच पडलं. तुझं." त्याने शर्टाची बाही सरळ केली. "तिथे गेलो, शिक्का उचलला, त्यांच्याच नावावर मारणार होतो. मग वाटलं, हा माणूस बरोबर बोलेल आणि सगळ्यांना तोडेल. फाटक तसंच राहील. तू निदान चिकटून तरी राहतेस."

"तुमचे बुधवार?"

"ते मारल्यावर आठवले."

तिला रडू यावं की त्याच्या अंगावर ओला टॉवेल फेकावा ते कळेना. "अहो, मी नाही नाही म्हणत होते आणि घरातलीच दोन माणसं..." तिचा आवाज फाटला. "माझं ऐकतं तरी कोण या घरात?"

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुला पडायचंय असं तू सगळ्यांना सांगत होतीस. पण रोज जेवताना फाटकावरच बोलत होतीस."

हे खरं होतं, आणि खरं होतं याचाच तिला जास्त राग आला. तो राग तिने मागोमाग दुकानात आलेल्या सासूबाईंवर काढला, पण उपयोगी पडेल असा काढला. "आई, तुम्ही निवडून आणलंत ना? मग दर बुधवारी संध्याकाळी काउंटरवर तुम्ही बसायचं. पावत्या तुम्ही फाडायच्या. यांनी मागून हलायचं नाही." सासूबाई आधी भडकल्या, मग काउंटरवर फोन आहे हे लक्षात येऊन गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी हरकतराव कोट न्यायला आले. तिने तो कव्हर घालून पुढे केला. सॉरी म्हणायचे शब्द तिने रात्रभर जुळवले होते, त्यातला एकही नीट निघाला नाही.

"सर, माझ्या मनात खरंच..."

"माहीत आहे मला." ते कोटाच्या बाहीकडे बघत राहिले. चेहरा उतरला होता. "बायको म्हणाली, तुम्ही लोकांना चुका दाखवता, लोकांना चुका आवडत नाहीत. मी म्हटलं, चूक नाही दाखवली तर गाडी ठोकेल ना."

"येणार ना बुधवारी?"

"बाक कोणी काढला नाही ना अजून?" असं म्हणून ते कोट खांद्यावर टाकून गेले.

नव्या मंडळाच्या पहिल्या बैठकीला ते कोट घालूनच आले. बाकावर एकटे, ताठ. ती बुटक्या खुर्चीवर बसली आणि अध्यक्षांनी स्वागताचं भाषण संपवायच्या आत बोलली, "मागचं फाटक उघडावं, असा माझा ठराव आहे."

"तत्त्वतः आपण..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"माझी हरकत आहे," बाकावरून आवाज आला.

तिने डोळे मिटले. या माणसासाठी मी पडत होते, ती मनात म्हणाली.

"ठरावात तारीख नाही," हरकतराव म्हणाले. "मागच्या तिन्ही ठरावांतही नव्हती. तारीख नसलेला ठराव म्हणजे गिअर न टाकता दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर. आवाज होतो, गाडी जागेवरच."

ती डोळे उघडून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुरुस्ती करते. मागचं फाटक येत्या सोमवारी शाळा भरण्यापूर्वी उघडावं."

"अहो, तारीख टाकली तर पाळावी लागते," अध्यक्ष कळवळून म्हणाले.

"म्हणूनच."

चोरीचा प्रश्न निघाला, जबाबदारीचा निघाला. ती उभी राहिली. "मला निवडून यायचं नव्हतं," ती म्हणाली, "तरी लोकांनी मला परत या खुर्चीत बसवलंय, आणि या खुर्चीत माझे पाय मुंग्या येऊन मरतात. मला हो किंवा नाही ऐकायचंय. उपसमिती ऐकायची नाही." आवाज चढला होता, शोभणारा नव्हता. कोणीतरी हात वर केला, मग दुसऱ्याने. अध्यक्षांनी सर्वात शेवटी केला. ठराव एका मताच्या फरकाने नाही, एकमताने पास झाला. दोन वर्षं मग अडलं होतं कशात, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

सोमवारी शिपायाने कुलपात तेल सोडलं, किल्ली फिरवली आणि फाटक करकरत उघडलं. मागची गल्ली स्वच्छ, शांत, रिकामी होती.

आणि रिकामीच राहिली. मुलं सवयीने पुढच्याच फाटकाशी येत होती. पालक सवयीने तिथेच गाड्या लावत होते. मोठ्या रस्त्यावर नेहमीसारखा हॉर्नचा गोंगाट माजला होता. सूचना प्रत्येक घरी गेली होती. कोणी वाचली नव्हती.

ती मागच्या गल्लीत दहा मिनिटं उभी राहिली. मग तावातावाने कोपरा वळून पुढे आली, तर हरकतराव आधीच रस्त्याच्या कडेला उभे होते, दोन्ही हात पसरून, एका गाडीला मागे वळवत.

"इथे थांबायचं नाही! मागून! मागच्या फाटकातून!" ते ओरडत होते. तिला बघून म्हणाले, "तुम्ही चुकीच्या बाजूला उभ्या आहात. त्या कोपऱ्यावर जा. तिथून वळवल्या तर गाड्या इथवर येणारच नाहीत."

"कोपऱ्यावर मला कोणी बघणार नाही."

"बघतील. आधी हात सरळ करा. असा नाही, असा."

"सर, मला हात कसा करायचा ते शिकवू नका!"

"मग चुकीचा करू नका."

एक छोटी मुलगी त्यांच्यामधून पुढच्या फाटकाकडे सटकली. दोघांनी एकदमच तिला हाक मारली, वळवली, आणि ती गाल फुगवून कोपऱ्याकडे चालू लागली. तिच्यामागे तिचा भाऊ, त्याच्यामागे दोघं-तिघं. मग ती स्वतः पदर खोचून कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि आपल्याला हवा तसाच हात केला. दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. आजचा दिवस गेला, उद्याचाही जाणार होता, आणि आठवडाभर तरी सकाळी इथेच उभं राहावं लागणार हे दिसतच होतं. पलीकडून हरकतराव खुणा करत होते, हात अजून वर, अजून वर. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि पुढची गाडी अडवली.